वेगळं निघाल्यावर व्यापाराची बोलणी एवढी का रखडतात?

परांड्याचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबून आणतो, पस्तीस वर्षं फळ्यापुढं उभा होतो, खोड जात नाही.

परवा १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन झालं आणि मग आम्ही पाचसहा जण चहाला टपरीवर बसलो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला की आमच्याकडं करोडगिरीचा नाका निघतोच. तरुण मंडळींसाठी सांगतो, निजामाच्या राज्यातलं जकातीचं खातं म्हणजे करोडगिरी. आमचा परांडा निजामात आणि बाजाराचं गाव बार्शी इंग्रजांत. आजोबा शेंगांची गाडी घेऊन बार्शीला निघाले की नाक्यावर गाडी उभी. पोती मोजायची, जाडजूड वहीत उर्दूत नोंद व्हायची, पावती फाटायची, मग गाडी पुढं. बार्शीत पैसे मिळायचे कलदार, म्हणजे इंग्रजांचे रुपये, घरी चालायचे हाली, म्हणजे निजामाचे. सहा कलदाराला सात हाली. आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण हा हिशेब तिला तोंडपाठ.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, "तात्या, आपल्या बापजाद्यांनी नाका मोडून घेतला आणि त्या इंग्रजांनी आता स्वतःहून बांधून घेतला." त्याचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला नोकरीला आहे, म्हणून घरात ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा, विषय कायम असतो. त्यावरून टपरीवर बरीच वादावादी झाली आणि मला एका गोष्टीचं उत्तर देता आलं नाही.

ब्रिटन १९७३ ला त्या संघात गेलं, ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं. म्हणजे ४७ वर्षं एका चुलीवर. दोन परके देश करार करतात तेव्हा एकमेकांचे नियम समजून घेण्यातच वर्षं जातात, ते कळतं. इथं निघायच्या दिवशी दोन्हीकडचे नियम, जकात, औषधांची यादी, डब्यावरचं लेबल सगळं एकच. जुळवायचं काही नव्हतंच. त्यांचे व्यापारमंत्री लियाम फॉक्स २०१७ मध्ये म्हणालेही होते की हा करार जगाच्या इतिहासातल्या सर्वांत सोप्यांपैकी एक ठरायला हवा. मग मतदान २३ जून २०१६ ला आणि करार थेट २४ डिसेंबर २०२० ला, ही साडेचार वर्षं गेली कशात?

"अहंकारात" हे उत्तर पुतण्यानं देऊन झालंय. दुसरं असेल तर सांगा.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

गुरुजी, सगळे करार जवळ यायला होतात, हा लांब जायला होता. किती लांब जायचं हेच त्यांच्यात ठरत नव्हतं. मोठं उत्तर दुसरं कुणी देईल, मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधलं सांगतो.

आमच्याकडं छोट्या गिअर मोटर बनतात, थोडा माल इंग्लंडला जातो. मोटरवर ॲल्युमिनियमची नेमप्लेट असते, चार रिव्हेट मारून बसवलेली. तिच्यावर पूर्वी युरोपचा 'सीई' शिक्का असायचा, म्हणजे माल त्यांच्या नियमात बसतो याची खूण, तो लंडनलाही चालायचा आणि मिलानलाही. बाहेर पडल्यावर ब्रिटननं स्वतःचा 'यूकेसीए' शिक्का काढला आणि सांगितलं की अमुक तारखेनंतर सीई चालणार नाही. आमच्या साहेबांनी नवीन प्लेटा कोरून घेतल्या. तारीख आधी २०२२ ची सुरुवात होती, मग २०२३ ची झाली, मग २०२४ ची अखेर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आमच्यासारख्या बऱ्याच मालाला सीई बेमुदत चालेल.

त्या प्लेटांचा गठ्ठा अजून माझ्याकडं आहे. परवा त्यातली एक टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून घातली, टेबल डगमगायचं बंद झालं.

बार्शीलाईट

गुरुजी, राम राम. न्हावाशेवा बंदरावर कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटाकडं बावीस वर्षं काढली, आता लातूरला परत आलोय. नाव घेतलंय जुन्या बार्शी लाइट रेल्वेवरून. ती कुर्डुवाडीहून इंग्रजांच्या हद्दीतून निघायची आणि निजामाच्या हद्दीत लातूरला यायची. तेव्हा तुमचा नाका मला परका नाही.

आधी तुमच्या हिशेबात एक दुरुस्ती. साडेचार वर्षं व्यापाराच्या बोलण्यात गेलीच नाहीत. व्यापाराची बोलणी सुरू झाली मार्च २०२० मध्ये, म्हणजे ब्रिटन बाहेर पडून महिना झाल्यावर. त्यातही लगेच करोना आला, अर्धी बोलणी व्हिडिओवर झाली. दहा महिन्यांत बाराशेच्या वर पानांचा करार. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर हा वेग भयंकर आहे. आधीची वर्षं गेली ती 'निघायचं कसं' यात.

निघायची रीत संघाच्या करारातल्या ५० व्या कलमात आहे. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ चालू. दोन वर्षांत काही ठरलं नाही तर निघणारा तसाच बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या २७ जणांचं एकमत पाहिजे. ब्रिटननं नोटीस दिली २९ मार्च २०१७ ला आणि तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मंत्रिमंडळातही नक्की काय मागायचं यावर एकमत नव्हतं. तुम्ही आडतीवर गेला असाल. सोयाबीनची गाडी आधी रिकामी करायची आणि मग भाव विचारायचा, तर व्यापारी काय भाव देईल? तेच झालं. घाई सगळी एका बाजूला.

आणि बोलायचा क्रमही समोरच्यानंच ठरवला. आधी देणंघेणं, एकमेकांच्या देशात राहणाऱ्या माणसांचं आणि आयर्लंडच्या हद्दीचं मिटवा, व्यापार त्यानंतर.

आता तुमचा मुख्य मुद्दा, नियम एकच होते तर अडलं कुठं. गुरुजी, भाऊ वाटण्या करतात तेव्हा बांध पहिल्या दिवशी सुतात सरळ असतो. मोजणीवाला येऊन दगड रोवून गेलेला असतो. भांडण त्या दिवसाच्या बांधाचं नसतंच. पुढच्या पावसाळ्यात कोण नांगराचं एक तास इकडं सरकवील, त्याचं असतं. युरोपचं म्हणणं हेच होतं: आज तुझे नियम आमच्यासारखे आहेत, पण तू बाहेर पडतोयस तेच नियम बदलायला. उद्या तू कारखान्यांना सरकारी पैसा दिलास, कामगारांचे नि पर्यावरणाचे नियम ढिले केलेस आणि स्वस्त झालेला माल जकातीशिवाय आमच्यात ओतलास तर? ब्रिटनचं म्हणणं, तुमचेच नियम पाळायचे तर मी निघालो कशाला? दोघांचंही बरोबर होतं. २०२० चे बरेच महिने ह्यावर गेले.

युरोपकडून बोलणारे मिशेल बार्निए यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एक चित्र दाखवलं होतं, ते मी प्रिंट काढून ऑफिसात लावलं होतं. एक जिना. वरच्या पायरीवर संघाचं सदस्यत्व, खाली नॉर्वे, मग स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, मग कॅनडा नि दक्षिण कोरिया. आणि प्रत्येक पायरीवर ब्रिटनचाच एकेक 'नको'. युरोपचं न्यायालय नको, माणसांची मोकळी ये-जा नको, वर्गणी नको, दुसऱ्या देशांशी व्यापारी करार करताना कुणाची आडकाठी नको. एकेक 'नको' धरून खाली उतरत गेलं की ब्रिटन आपोआप कॅनडाच्या पायरीवर येऊन थांबतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारनंही कॅनडासारखाच करार मागितला.

राहिला नाका. आयर्लंड बेटावर साधारण ५०० किलोमीटरची हद्द आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं, दक्षिणेचा देश युरोपात. तिथं तीस वर्षं रक्त सांडून १९९८ ला समझोता झालेला, हद्दीवर पुन्हा चौकी म्हणजे जखमेवरची खपली काढणं. पण नियम वेगळे झाले की माल कुठंतरी तपासावाच लागतो. तुमच्या आजोबांची गाडी तपासायची नाही असं ठरलं, तर करोडगिरीवाला परांड्यात तरी बसणार नाहीतर बार्शीत तरी. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी काढलेली तोड त्यांच्याच संसदेनं २०१९ मध्ये तीनदा पाडली, पहिल्यांदा तर ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. समोरच्यांशी सोयरीक ठरवून आलेल्या बाईला घरच्यांनीच दारात अडवलं. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी शेवटी नाका समुद्रात ढकलला, म्हणजे ब्रिटनमधून ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी. स्वतःच्या घरात मधल्या दाराला जकात. मग त्यावर पुन्हा भांडणं, आणि फेब्रुवारी २०२३ ला विंडसरचा तोडगा: तिथंच राहणाऱ्या मालाला हिरवी लेन, पुढं युरोपात जाऊ शकणाऱ्याला लाल.

मासळीचं तर विचारू नका. ब्रिटनच्या अर्थकारणात तिचा वाटा हजारात एकाच्या आसपास. तरी शेवटच्या रात्रीपर्यंत अडलं ते मासळीवर. ब्रिटनच्या पाण्यात युरोपच्या बोटींना मिळणारा वाटा साडेपाच वर्षांत २५ टक्के कमी करायचा असं ठरलं. त्याची मुदत जून २०२६ ला संपायची होती, तर मे २०२५ मध्येच बोटींना २०३८ पर्यंत येऊ द्यायचं कबूल केलं.

जालन्याची_द्राक्षवाली

बार्शीलाईट दादा, एवढं सगळं लिहिलंत पण करारात जकात शून्य आहे हे सांगितलंच नाहीत. शून्य जकात, कोटा नाही. मग तरी तिथले व्यापारी रडतात का, हे गुरुजींना कळायला पाहिजे.

बार्शीलाईट

ताई, बरोबर, तेच राहिलं. आमच्यात म्हणायचे, जकात एकदाच मारते, कागद रोज मारतो.

जकात शून्य आहे, पण माल मुळात ब्रिटनचा किंवा युरोपचा असेल तरच. जर्मनीत बनलेली गोळ्या-चॉकलेटं ब्रिटनच्या गोदामात आली, तिथं नुसती खोकी फोडून वाटणी केली आणि आयर्लंडला पाठवली, तर जकात लागली. युरोपात बनली, युरोपात चालली, पण मधे ब्रिटनमध्ये टेकली आणि तिथं तिच्यावर काही काम झालं नाही, म्हणून मूळ गेलं. जानेवारी २०२१ मध्ये मोठमोठ्या दुकानदारांना हे कळलं तेव्हा शेल्फ रिकामी होती. आम्ही मुंबईत बसून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मुळात कुठला त्याचा दाखला, भरत आयुष्य घालवलेलं, आम्हाला नवल वाटायचं ते एवढंच की ह्यांना हे माहीत कसं नाही. पण युरोपला माल पाठवताना १९९३ पासून शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, भरलंच नव्हतं त्यांनी. भरणारी पिढी रिटायर झाली होती.

आणि मांस, दूध, मासे असतील तर जनावरांच्या डॉक्टरच्या सहीचा दाखला. एका ट्रकमध्ये दहा गिऱ्हाइकांचा माल, त्यातल्या एकाचा कागद चुकला की दहाही अडले. स्कॉटलंडची ताजी मासळी पहिल्याच महिन्यात अशी वाटेत अडकून राहिली. हॉलंडच्या बंदरावर तर कस्टमवाल्यांनी ड्रायव्हरच्या डब्यातलं मांसाचं सँडविच काढून घेतलं. तिथल्या टीव्हीवर दाखवलं होतं, ड्रायव्हर म्हणतो निदान ब्रेड तरी द्या.

जालन्याची_द्राक्षवाली

आता माझं. आमची साडेतीन एकर द्राक्षं, त्यातली दीड एकर एक्स्पोर्टची. २०१० साली सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपल्याकडचे कंटेनर अडले होते. मी तेव्हा नवीन नवरी. सासरे चार दिवस बागेकडं फिरकले नाहीत. तेव्हापासून घरात 'रेसिड्यू' हा शब्द लेकरांनाही येतो.

पूर्वी युरोपची एकच यादी. कुठल्या औषधाचा किती अंश चालतो ते इंग्लंडला नि हॉलंडला सारखंच. २०२१ पासून ब्रिटनची यादी वेगळी. सुरुवातीला दोन्ही शब्दाला शब्द एकच होत्या, म्हणजे गुरुजी म्हणतात तसं. मग इकडं एका औषधाचा आकडा खाली आला, तिकडं तोच राहिला. बागेत फवारणी करताना घड कुठं जाणार हे कुठं ठाऊक असतं? ते ठरतं पॅकहाऊसला, कधी कधी शेवटच्या आठवड्यात. मग आम्ही काय करायचं, दोन्हींत जो कडक तो धरायचा. शेडच्या दाराला तक्ता चिकटवलाय, औषधापुढं दोन रकाने, आणि जो आकडा लहान त्याला माझ्या मुलीनं लाल स्केचपेननं गोल केलाय.

लंडननं वेगळा नियम केला काय नि नाही काय, माझ्या बागेत चालतो तो दोघांतला कडकच.

तेरणाकाठ

सगळे एकाच सुरात रडायला लागलेत म्हणून बोलतो. बाहेर पडले म्हणूनच त्यांना आपल्याशी करार करता आला ना? युरोपशी आपली बोलणी २००७ ला सुरू झाली आणि २०१३ ला बंद पडली. ब्रिटन एकटं आलं, जानेवारी २०२२ ला सुरुवात केली आणि २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. करारात भारताच्या ९९ टक्के प्रकारच्या मालाला तिथं शून्य जकात ठरली. घरातून वेगळा निघालेला पोरगा स्वतःच्या नावावर व्यवहार करतो, त्यात वाईट काय? मोठ्या एकत्र कुटुंबात २७ जणांना विचारल्याशिवाय बैल विकता येत नाही.

बार्शीलाईट

दादा, तुमच्या म्हणण्यात दम आहे. सुटं असण्याचा वेग आहेच. २७ जणांत कुणाला आपली वाईन सांभाळायची असते, कुणाला मोटारी.

पण वेगही बघा. जॉन्सनसाहेब एप्रिल २०२२ ला दिल्लीत सांगून गेले की दिवाळीपर्यंत करू. दिवाळी आली तोवर ते पंतप्रधान नव्हते, आणि त्यांच्या मागून आलेल्या बाईही त्याच आठवड्यात गेल्या. बोलणी पूर्ण झाली ६ मे २०२५ ला, चौथ्या पंतप्रधानाच्या हातून. आपले लोक निवांत होते, कारण आपल्याला घाई नव्हती. व्हिस्कीवरची आपली जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर यायची. एवढं पदरात पाडायला त्यांना साडेतीन वर्षं.

आणि मिळकतीचा आकडा: ह्या करारानं दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल असा ब्रिटन सरकारचाच अंदाज आहे, म्हणजे त्यांच्या अर्थव्यवस्थेच्या एका टक्क्याचा साधारण आठवा हिस्सा. बाहेर पडल्यानं दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील, हा अंदाज त्यांच्याच अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या संस्थेचा. पोरानं स्वतःच्या नावावर व्यवहार केला हे खरं. पण गावचा बाजार अजून थोरल्याच्याच दारावरून जातो. म्हणून तर मे २०२५ मध्ये परत युरोपशी बसले, खाण्यापिण्याच्या मालाचे दाखले कमी करायला. आणि युरोपची अट काय? आमचे नियम बदलतील तसे तुमचेही बदला.

तेरणाकाठ

हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे जिना परत चढायलेत.

बार्शीलाईट

एक पायरी. तीही अर्धी.

परांड्याचे_गुरुजी

सगळ्यांचे आभार. बांधाचं उदाहरण पुतण्याला लगेच पटलं, कारण आमचाच एक बांध कोर्टात आहे. आडतीवर गाडी रिकामी करण्याचं वाचून तो गप्पच झाला. मागच्या वर्षी त्यानं तेच केलं होतं. मग त्यानं विचारलं, "पण तात्या, कसं निघायचं हे मतदानाच्या आधी का नाही ठरवलं?" मी म्हणालो, मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं एवढंच होतं.

जाता जाता एक काम आहे. ह्या निमित्तानं आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. दोन हाली रुपये निघाले आणि एक पावती, सगळी उर्दूत. फोटो टाकलाय. मला नुसता शिक्का ओळखू येतो. कुणाला वाचता येत असेल तर सांगा.

नांदेडचा_पेशकार

गुरुजी, वडील तहसिलात होते म्हणून मला थोडं वाचता येतं. करोडगिरीचीच पावती आहे. सन १३५२ फसली, म्हणजे १९४२-४३. शेंगा, पोती चौदा. नाव तुमच्या आजोबांचंच असावं, पुढं 'साकिन परांडा', म्हणजे राहणार परांडा, असं आहे. रक्कम घडीवर आल्यानं पुसली आहे. खाली दुसऱ्या हातानं पेन्सिलीनं एक ओळ आहे: बैल दोन, परत येणार, महसूल नाही.

वाळूज_सेकंड_शिफ्ट

इंग्लंडच्या डोव्हर बंदराला गेले असते तर बैलांना डॉक्टरचा दाखला लागला असता.

परांड्याचे_गुरुजी

पेशकार साहेब, बैलांची ओळ घरात कुणालाच माहीत नव्हती. पुतण्याला वाचून दाखवली, तो पावतीचा फोटो लेस्टरला पाठवायलाय.